जाड रबराची तार

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवालाही नाही — देवाला तर मुद्दाम नाही, कारण हे घडलं तेच मुळी त्याच्या दारात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती तर अकरा वर्षं अशी गेली असती का?

मी वासुदेव. बालाघाटात, गोंदिया रोडवर, गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान आहे. आता आजूबाजूच्या चार जिल्ह्यांत माझं नाव आहे, आणि तेही एकाच कामासाठी. जुनी गाडी असेल, सेल्फ — इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर — ओढत नसेल, तर लोक म्हणतात, वासूकडे ने. मी त्यांना आधी विचारतो — गाडी सहा व्होल्टची की बारा? बॅटरी कुठे बसते, सेल्फपासून किती हात लांब? मग समजावतो. बाबा रे, तार लांब झाली की जाड हवी. सहा व्होल्टची गाडी असेल तर आणखी जाड, कारण तिला तेवढंच काम करायला दुप्पट करंट ओढावा लागतो. आणि वरच्या रबराला भुलू नका, कापून आतलं तांबं पाहा. लोक माना डोलावतात. म्हणतात, वासूभाऊ, हे कुठे शिकलात? मी हसतो. काय सांगू? एका माणसाला जिवंतपणी गाडून शिकलो, असं सांगू?

त्या माणसाचं नाव जगन. जगनभाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हट्टा गावचा. आमची शेड एकच होती. इकडे माझ्या वायरी, तिकडे त्याची इंजिनं. काय माणूस होता! होता म्हणतो आहे, आहे अजून. गाडी रस्त्यावरून जाताना हा पाठमोरा बसून सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटून ऐकायचा. गिऱ्हाईक यायचं आणि पहिलं विचारायचं, "जगनभाऊ आहे का?" नसला तर माझ्याच खुर्चीवर बसून माझाच पेपर वाचत त्याची वाट पाहायचं. मी समोर बसलेलो — आणि मला म्हणायचे "तो वायरवाला". सोळा वर्षं मी तो वायरवाला होतो. हे सांगतो आहे ते कारण म्हणून नव्हे. पण जळत होतो, हे खरं. त्याने माझं कधी काही वाईट केलं नाही, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

गाडी नानाजींची होती. नानाजी म्हणजे सिंचाई खात्यातून रिटायर झालेले, आमच्या गावातलं जुनं मराठी घर. त्यांच्या वडिलांनी घेतलेली विलायती गाडी, गोल दिव्यांची, सहा व्होल्टची. नानाजींच्या पत्नी, आमच्या काकू, त्याच गाडीतून गोंदियाहून नवरी होऊन आल्या, आणि त्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे पाचव्या दिवशी त्याच गाडीतून रामपायलीला रामाच्या पाया पडून आल्या. पुढे गाडी वीस-पंचवीस वर्षं पत्र्याखाली पडून राहिली. मग काकूंना तो आजार झाला. डॉक्टरांनी नानाजींना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. काकूंनी एवढंच मागितलं, की एकदा त्या गाडीतून रामपायलीला जाऊन यायचं. जाऊन आणि येऊन, दोन्ही.

जगनभाऊने त्या इंजिनावर आठ महिने काढले. मिळत नव्हते ते भाग हाताने घडवले. बेरिंगा बसवताना तर अंगात देव आल्यासारखा कोणाशी बोलायचा नाही. वायरिंग माझ्याकडे. बॅटरी पुढच्या सीटखाली होती. ॲसिडने मागे कधी काकूंचं लुगडं जाळलं होतं, म्हणून मीच नानाजींना म्हणालो, डिकीत टाकू, कटकट नको. नानाजी खूश. मीही खूश — चला, एक तरी अक्कल आपल्या नावावर.

आता डिकीतून सेल्फपर्यंत नवी तार हवी. जुनी काढली ती हातभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड. मी हसलो. म्हटलं, हे विलायती लोक भारी उधळे! सहा व्होल्ट म्हणजे बाराचं अर्धं, अर्ध्याला एवढी मोठी तार कशाला? आमच्या बाजारात सगळे असाच हिशेब करायचे, आकडा लहान तर तार लहान. कोणाला विचारलं असतं? विचारायचं कोणाला — जगनभाऊला? वायरीचं? शेडमध्ये ट्रॅक्टरच्या कामातून उरलेली एक तार पडली होती. वरून चांगली गलेलठ्ठ, पण सगळं रबरच. आत तांबं नखाएवढं. बारा हात लांबीची ती तार मी ओढली, टेप गुंडाळला, काम फत्ते.

इथपर्यंत जे झालं ते अज्ञान. अज्ञानाबद्दल मी कबुली देत बसलो नसतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तेवढ्यावरच भागलं असतं. सांगायचं आहे ते यापुढचं, आणि पाहा, तिथे आलो की मी कसा रेंगाळतो.

कार्तिक होता. धान निघालं होतं. सकाळी गाडी जरा ओढून-ताणून का होईना, चालू झाली. मागे नानाजी आणि काकू, पुढे चालवायला जगनभाऊ, शेजारी मी. काकूंनी लग्नातला शालू नेसला होता, अंगावर तो नुसता लोंबत होता. सगळा रस्ता त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मधेच हसत होत्या. रामपायलीत देवळापाशी उतरलो. दर्शन झालं. काकू परत येऊन सीटवर बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला." जगनभाऊने सेल्फ मारला.

खर्रर्र — आणि बंद. पुन्हा मारला. पुन्हा. इंजिन अर्धा गरका घेई आणि बसे. लोक जमले. जो तो शहाणा, जो तो सांगतो आहे. मारून मारून बॅटरी रिकामी झाली, मग ढकलली तरी ठिणगी पडेना. जगनभाऊ घामाने भिजला. मी डिकी उघडली, चटई उचलली आणि तार धरली.

हात भाजला. खरोखर भाजला, तळहातावर फोड आला. रबर मऊ पडलं होतं. त्या एका क्षणात मला सगळं कळलं — जो करंट सेल्फला जायला पाहिजे तो या तारेतच जळतो आहे. शाळेत शिकलो नव्हतो ते हाताने शिकवलं. मी मूठ मिटली आणि खिशात घातली.

तेवढ्यात जगनभाऊ मागे आला. त्याने मला विचारलं, सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात, "वासू, इंजिन मोकळं हाय. करंट कमी पडून राह्यला असं वाटते मले. तार बरोबर हाय ना?"

मी म्हणालो, "हौ."

हेच ते. एवढंच. एक अक्षर. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी अकरा वर्षं? पण ऐका. त्याने डिकीत वाकून पाहिलं. तार तर दिसायला चांगली जाड होती. आणि मी 'हौ' म्हटलं होतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. वायरीतलं वासूला कळतं, असं तो आयुष्यभर मानत आला, आणि ते मला त्या दिवशी कळलं. काय वेळ निवडली कळायला!

काकू परत आल्या त्या धानाची पोती भरलेल्या पिकअपमधून. नानाजी त्यांना धरून बसले होते. पिकअप वळली तेव्हा काकूंनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. जाताना नानाजी जगनभाऊला एवढंच म्हणाले, "जगन, तुझ्या हातावर भरवसा ठेवला, चूक माझी झाली." त्या वेळी माझा हात खिशात होता. फोड ठणकत होता. मला बोलता येत होतं, जीभ काही भाजली नव्हती.

ती तार बदलायला किती वेळ लागला असता? एक तास. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर त्या आठवड्यात काकू पुन्हा जाऊन आल्या असत्या. तेव्हा त्या अजून बसू शकत होत्या. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रोज सकाळी वाटे, आज सांगू. आणि रोज सकाळी एक दिवस जास्त झालेला असे. मग सांगताना 'तार चुकली' एवढंच सांगून भागणार नव्हतं, 'मला माहीत होतं' हेही सांगावं लागणार होतं.

वरून मी काय केलं, ते ऐका. गाडी ओढून शेडमध्ये आणल्यावर जगनभाऊने सेल्फ काढून माझ्याकडे दिला. मी तो टेबलावर थेट बॅटरीला लावून दाखवला — भिंगरीसारखा फिरला. मी म्हणालो, पाह्य भाऊ, सेल्फ ठीक, तार ठीक, आता उरलं काय? त्याने खाली मान घातली. उरलं होतं त्याचं इंजिन. बॅटरी भरून घेतल्यावर गाडी ढकलली की झटक्यात चालू व्हायची, तो म्हणायचा, "इंजिन खराब असतं तं ढकलून काहून चालू झालं असतं?" बरोबर बोलत होता. मी कानावर हात ठेवले. शेवटी त्याने ते आठ महिन्यांचं इंजिन पुन्हा खोललं. एकेक भाग पुसून, मोजून, दिव्यासमोर धरून पाहायचा. चूक शोधत होता. नसलेली चूक शोधणाऱ्या माणसाकडे तुम्ही कधी शेजारी बसून पाहिलं आहे का? मी महिनाभर पाहिलं. चहाही पाजला.

इंजिन पुन्हा बसलं, पण चालू करून पाहायच्या आधीच तो तीन दिवस हट्ट्याला गेला, बहिणीकडे तेरवी होती. मी त्याच दिवशी बस धरून नागपूरला गेलो. अंगठ्याएवढं तांबं असलेली तार आणली. जुनी काढली, नवी घातली आणि वरून तोच जुना मळका टेप गुंडाळला, म्हणजे कोणाला फरक दिसू नये. चोराच्या मनात चांदणं. मग नानाजींना बोलावलं आणि किल्ली फिरवली. अर्ध्या गरक्यात चालू. बंद केली, गरम असतानाच पुन्हा मारली, पुन्हा चालू. नानाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरात काकू पलंगावर होत्या, त्यांना आवाज ऐकवायला गाडी खिडकीखाली नेली. त्या आता उठून बसू शकत नव्हत्या. माघात गेल्या.

जगनभाऊ परत आला. त्याने विचारलं, "काय केलं रे?" मी म्हणालो, काही नाही, जोड घासून साफ केले, पण मुख्य काम तुझंच, पहिल्या वेळी काही राहिलं असेल ते दुसऱ्या वेळी बरोबर बसलं असेल. किती चांगुलपणाने बोललो पाहा! म्हणजे चूकही त्याचीच आणि दुरुस्तीही त्याचीच, वर मी मोठ्या मनाचा. गावात मात्र झालं असं, की जगनने बिघडवली, वासूने चालू केली. मी कोणाला तसं सांगितलं नाही. कोणाला अडवलंही नाही. माझं नाव झालं ते तिथून.

आणि तो माणूस संपला. एकदम नाही, हळूहळू. बेरिंग बसवायला घ्यायचा आणि पुन्हा काढायचा. पुन्हा बसवायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, दुसरीकडे दाखवून घ्या जी, माझा भरवसा नाही. वर्षभरात अवजारं कोणाकोणाला देऊन टाकली. आता भरवेलीला, खाणीच्या वसाहतीजवळ, सायकल-मोटारसायकलच्या स्टँडवर बसतो आणि टोकन वाटतो. दिवसभर शंभर गाड्या त्याच्यासमोर चालू होतात. कोणत्या गाडीचं काय दुखतं ते त्याला अजूनही ऐकू येत असणार. सांगत नाही.

पण रविवारी माझ्याकडे येतो. मित्रच आहोत ना आम्ही! येतो, माझ्या खुर्चीशेजारी बसतो आणि दर दोन-चार रविवारांनी तोच प्रश्न — "वासू, त्या इंजिनात माह्याकडून चुकलं काय असन रे?" अकरा वर्षं. आणि मी दर वेळी म्हणतो, सोड ना भाऊ, जुनी गोष्ट. काढलेली ती तार माझ्या मीटरबोर्डाशेजारी खिळ्याला वेटोळं करून टांगलेली आहे, त्याच्या डोक्यामागे. फेकून का दिली नाही? ठाऊक नाही. गिऱ्हाइकं विचारतात, देता का? मी म्हणतो, ती विकायची नाही.

तुम्हाला वाटेल, सांगून झालं. मलाही अनेक वर्षं वाटत होतं, की माझं पाप म्हणजे ते रामपायलीचं 'हौ'. नाही. गेल्या महिन्यात मी त्याहून वाईट केलं, आणि खरं म्हणजे ते सांगायलाच बसलो आहे.

त्या रविवारी जगनभाऊ आला तो लगबगीने. चेहरा उजळलेला. खुर्चीवर बसलासुद्धा नाही. म्हणाला, "वासू, सापडलं! पहिल्या बारीले मेन बेरिंग केसभर आवळून बसली होती. थंड असतानी फिरे, गरम झालं का धरून घे. दुसऱ्या बारीले नकळत मोकळी बसली. तेच असन ना रे?" लहान पोराने गणित सोडवून मास्तरकडे पाहावं तसा माझ्याकडे पाहत होता. अकरा वर्षं डोकं खाऊन त्याने स्वतःसाठी एक चूक बनवली होती. घट्ट बसणारी, पटणारी. इतका मोठा कारागीर, की न केलेली चूकसुद्धा अशी बेमालूम घडवली!

त्याच्या डोक्यामागे तार होती. मला फक्त बोट दाखवायचं होतं.

मी म्हणालो, "हौ भाऊ. तेच असन."

रामपायलीला मी घाबरून बोललो होतो. या वेळी मला कोणी घाबरवलं नव्हतं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

तो म्हणाला, मग नानाजींकडे चल, माफी मागायची आहे, तू सोबत असला तर बरं. मी शटर ओढलं आणि त्याला माझ्याच मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. रस्त्यात तो गुणगुणत होता. त्याला गुणगुणताना मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

नानाजी आता फार थकले आहेत, कमी दिसतं. अंगणात पत्र्याखाली गाडी तशीच आहे. महिन्यातून एकदा मी जाऊन चालू करून येतो. जगनभाऊ त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "नानाजी, चूक माहीच होती जी. आता समजली मले. काकूची वापसी माह्यामुळे राहून गेली." नानाजींनी चाचपडत त्याचे जोडलेले हात धरले. मग म्हणाले, "मी त्या दिवशी फार लागेल असं बोललो, जगन. ती मला म्हणत होती, जगनला बोलू नका, त्याने मन लावून केलं आहे." जगनभाऊ रडला. नानाजी रडले. मी तिथेच होतो, दोघांच्या मध्ये, आणि माझ्या डोळ्यांत काहीच येत नव्हतं.

नानाजी म्हणाले, वासू, जरा चालू करून दाखव त्याला. मी किल्ली फिरवली. अर्ध्या गरक्यात चालू झाली. जगनभाऊने बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले, पूर्वी ऐकायचा तसं ऐकलं आणि हसला. "किती मोकळं फिरून राह्यलं," म्हणाला. त्याचं स्वतःचं इंजिन. पहिल्या दिवसापासून तितकंच मोकळं होतं.

मी गाडी बंद करून खाली उतरलो. तो माझ्याकडे वळला. "तू होता म्हणून या गाडीची लाज राह्यली, वासू," म्हणाला आणि वाकला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस, गुडघ्याने अधू, एक हात मडगार्डला धरून माझ्या पायांपर्यंत वाकला. त्याची बोटं मला लागली. आमच्यापासून चार हातांवर, डिकीत, माझ्या हाताने गुंडाळलेल्या मळक्या टेपखाली नवी तार होती.

मी पाय मागे घेतले नाहीत.

त्यानंतर चार रविवार झाले. चारही रविवारी तो आला. आता तो प्रश्न विचारत नाही. आम्ही चहा पितो.